मामीच्या घराचा तिकोन

घर बांधताना आधी भिंत उभी राहते आणि मग तिच्यावर छप्पर चढतं. संगणकातही तसंच असतं. माझी चूक झाली ती अशी, की मी आधी साडेचार इंची भिंती काढल्या, त्यांच्यावर बरोब्बर मापाचं दोन पाखांचं छप्पर बसवलं, आणि मग मला आठवलं की मामाला भिंती नऊ इंची हव्यात. भिंतीवर टिचकी मारून मी आकडा बदलला. भिंती बाहेरच्या अंगाने फुगल्या. छप्पर होतं तिथेच राहिलं.

याचा परिणाम घराच्या दोन टोकांना दिसला. दोन पाखं आढ्यापाशी मिळतात तिथे टोकाच्या भिंतीच्या डोक्यावर एक तिकोन तयार होतो. आमच्या धंद्यात त्याला गेबल म्हणतात, मिस्त्री लोक सरळ तिकोनच म्हणतात. हा तिकोन घराची चित्रं काढायच्या त्या सॉफ्टवेअरने आपला आपण भरून काढायला हवा होता. तो भरला नाही. भिंत वळचणीच्या उंचीला येऊन थांबली आणि तिच्यावर छपरापर्यंत नुसतं निळं आभाळ दिसायला लागलं.

ती फट बुजवायला मला बारा दिवस लागले, आणि बुजवली ते वाईट केलं हे बोलून दाखवायला दोन वर्षं. महाडात ज्यांच्याबरोबर मी पुढे हाच धंदा केला, त्यांच्यापैकी कुणाला मी हे आजवर सांगितलेलं नाही. मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला स्वभाव म्हणतात. माझ्या बाबतीत निम्म्या वेळा ती लपवाछपवी असते, हे आता पन्नाशी जवळ आल्यावर लिहून टाकायला हरकत नाही.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी महाडच्या बाजारपेठेत एका इंजिनिअरसाहेबांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. ऑफिस म्हणजे भांड्यांच्या दुकानाच्या वरची एक खोली. खाली कुणी पातेलं ठोकून बघितलं की वर आमच्या टेबलावरचा पेला थरथरायचा. साहेब जुन्या वळणाचे, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवाले. पण मुंबईहून गावी घर बांधायला येणारी माणसं आता 'चित्र दाखवा' म्हणायला लागली होती. नकाशा त्यांना कळत नसे. त्यांना घर दिसायला हवं असे, रंगासकट. म्हणून साहेबांनी संगणक घेतला, सीडीवरून ते घराचं सॉफ्टवेअर भरून घेतलं आणि मला म्हणाले, "तू तरुण आहेस, तू कर काय ते."

माझं गाव तुडील, पण आठवी ते दहावी मी मामाकडे राहिलो. मामाची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला, घाट चढायच्या आधी डावीकडची पायवाट धरून गेलं की लागते. तिथून पोलादपूरच्या शाळेत खाली उतरायला तासभर लागायचा, वर चढायला दीड. तीन वर्षं मामीने मला पहाटे उठून नाचणीची भाकरी करून दिली. मी चुलीपुढे बसून ती खायचो आणि निघायचो. तिची मुलगी तेव्हाच लग्न होऊन सासरी गेली होती, त्यामुळे घरात लाड करायला मीच होतो. लाड म्हणजे भाकरीवर लोण्याचा गोळा आणि "हळू खा रे, घास अडकंल" एवढंच. पण ते रोज.

पुढे मामाच्या घराच्या वाशांना वाळवी लागली आणि नवं घर बांधायचं ठरलं. तेव्हा नकाशा भाच्याने काढायचा हे वेगळं ठरवावंच लागलं नाही.

एका दुपारी मामा-मामी नात्यातल्या एका लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला महाडला आली होती, ती ऑफिसात आली. साहेब साइटवर गेले होते. मी पडद्यावर घर फिरवून दाखवलं. मामा खुर्ची ओढून अगदी नाक लावून बसला. मामी मागे उभी.

"ह्ये आपलं घर?" तिने विचारलं.

"हो."

"मग आपून कुठं हाव त्यात?"

"अगो," मामा म्हणाला, "आपून अजून शिरलो नाय. बांधू तवा शिरू."

"तुमी गप बसा वो. मी त्याला इचारत्ये." मग तिने पुढे वाकून, काचेला न लावता, बोट त्या उघड्या तिकोनाकडे केलं. "ह्ये बरं केलंस हां, पोरा. धुराला वाट ठेवलीस."

इथे जुन्या घराचं सांगायला हवं. आमच्याकडच्या जुन्या घरांना टोकाचा तिकोन बांधून काढत नसत. भिंत वळचणीपर्यंत, आणि वर कारवीच्या काड्यांचा विणलेला विरळ कूड. चुलीच्या बाजूचा तिकोन तर बहुतेक उघडाच. पावसापुरती त्याला बाहेरून गवताची ताटी बांधायची, पाऊस सरला की काढायची. चुलीचा धूर माळ्यावर चढायचा, तिथलं बियाणं, वाळत घातलेली लाकडं शेकायचा आणि तिकोनातून बाहेर पडायचा. खालून वाडीकडे बघितलं की कुणाकुणाची चूल पेटली आहे हे त्या तिकोनांवरून कळायचं.

म्हणजे माझ्या पडद्यावर जी चूक होती, ती मामीच्या लेखी घराचा एक भाग होती. "अजून ते काम राहिलंय" असं मी म्हणणार होतो. तोंडाशी आलेलं ते वाक्य मी गिळलं आणि म्हणालो, "ठेवली ना. तुझी चूल त्या बाजूला असते, ठाऊक आहे मला."

"बगितलंस?" मामा तिला म्हणाला. "शिकल्याला माणूस. न सांगता कळलं."

"शिकून नाय कळत तसलं. माझ्या चुलीपुढं बसून तीन वर्सं जेवलाय, म्हणून कळलं."

ती मला इतकी खूश होऊन बघत होती की आता मागे फिरणं शक्य नव्हतं. तसं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्या क्षणी ते अगदी सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तेच चित्र बघितलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "काय रे, या घराची टाळू भरली नाही का अजून?"

"नाही सर. म्हणजे भरतोय."

"भर. गिऱ्हाईक हे बघेल आणि म्हणेल, माझ्या घराला डोकंच नाही."

त्यानंतरचे बारा दिवस मी दुसरं काही केलं नाही असं म्हटलं तरी चालेल. आधी भिंतीची उंची वाढवून बघितली. भिंत छपरातून आरपार वर आली आणि घराला दोन शिंगं फुटली. मग एक सुटा तिकोनी तुकडा कापून तिथे उभा केला. समोरून छान; जरा घर फिरवलं की तो कॅलेंडरच्या पानासारखा अधांतरी. छप्पर पुसून नव्याने काढलं, पण जुन्या खुणांवरच काढलं, त्यामुळे तेच. एकदा वैतागून त्या तिकोनापुढे एक आंब्याचं झाड उभं केलं. सॉफ्टवेअरमध्ये झाडं तयार मिळत. साहेब म्हणाले, "झाड छान आहे. पण आंबा हलवून बघितला तर मागे काय?" मी झाड काढून टाकलं.

माहितीचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि त्यात सगळं नीट केलं तर काय होतं तेवढंच लिहिलेलं होतं. चुकलं तर काय, हे नव्हतं.

बाराव्या दिवशी मी घर वरून बघत होतो. माउसचं चाक अडकलं आणि चित्र भसाभस मोठं होत गेलं. इतकं मोठं की पडद्यावर घराचा फक्त एक कोपरा उरला. तिथे मला दिसलं: भिंतीची बाहेरची रेघ छपराच्या कडेच्या पुढे होती. साडेचार इंच. सबंध घर बघताना ती पट्टी केसाएवढी दिसायची, म्हणून कधी लक्षातच आली नव्हती. आणि एकदम उलगडलं. त्या सॉफ्टवेअरमधली भिंत वर छप्पर लागेपर्यंत चढत जाते. माझ्या भिंतीच्या बाहेरच्या अंगावर छप्परच नव्हतं. मग ती चढणार कशाला? मी छपराची कड धरली आणि भिंतीच्या बाहेर हातभर ओढली.

तिकोन भरला. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच.

मी खुर्चीतून उठलो, जिन्यात जाऊन उभा राहिलो, परत आत आलो. भरलेलाच होता. घर चारी बाजूंनी फिरवलं, वरून, खालून. कुठे फट नाही. एवढा निखळ आनंद मला दहावीच्या निकालाचाही झाला नव्हता.

आता ते सांगतो, जे सांगायला मी लिहायला बसलो आहे. मामीची धुराची वाट मी विसरलो नव्हतो. त्याच संध्याकाळी मी त्या भरलेल्या तिकोनात दोन फुटांची जाळी घालून बघितली. दोन मिनिटांचं काम; खिडकी ठेवायची तशीच ठेवायची. जाळी नीट बसली. पण पडद्यावर बघितलं तर मला जाळी दिसेना, मला ती फटच परत आलेली दिसली. बारा दिवस जिच्याशी झुंजलो ती. मी जाळी पुसून टाकली. आणि घराचे रंगीत प्रिंट काढले: मामासाठी ओटीच्या बाजूचा, बांधकामासाठी चारी बाजूंचे.

मामाने त्याच्या चित्राला काच-चौकट केली आणि जुन्या घराच्या ओटीवर देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं. वाडीतली माणसं येऊन बघून जात. न बांधलेलं घर आधीच भिंतीवर लागलेलं, याचं त्यांना मोठं नवल होतं.

बांधकामाला मिस्त्री खालच्या गावचा होता. उंच, काटक, बोलायला गमत्या. वाडीतल्या निम्म्या घरांना त्याचा हात लागलेला. एका रविवारी मी गेलो तेव्हा भिंती वळचणीला आल्या होत्या. मिस्त्रीने थापी बादलीत ठेवली आणि मामाला विचारलं, "दादा, तिकोन सबंध बांदू, का चुलीकडं जाळी ठेवू?"

"चित्रात काय हाय?"

"चित्रात सबंध हाय."

"मग सबंध. कंप्युटरात एकदा झालं म्हंजे झालं."

"नाय, वर पत्रं टाकताव ना तुमी, कौलं नाय. म्हणून इचारलं."

कौलं मामाला नको होती. दर वर्षी ती चाळायला, म्हणजे काढून पुन्हा रचायला, माणूस मिळेना, म्हणून सिमेंटचे पत्रे यायचे होते. कौलांच्या सांध्यांतून धूर झिरपून जातो, पत्र्यांतून जात नाही. हे मिस्त्रीला कळत होतं आणि मलाही कळत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी रचलेल्या विटांकडे बघत होतो.

जरा वेळाने मामी चहा घेऊन आली. वर बघत म्हणाली, "पोरा, वाट ठेवलीस ना रे, म्हणला होतास तशी?"

"पत्र्याला नळ्या असतात ना मामी, त्यांतून जाईल सगळा."

"असं? बरं."

तिने 'बरं' म्हटलं आणि विषय संपला. मिस्त्रीने नंतर त्या नळ्यांची, म्हणजे पत्र्याच्या लाटांखाली उरणाऱ्या फटींची, तोंडं भिंतीवर सिमेंट लावून बंद केली. उंदीर, साप शिरू नयेत म्हणून सगळेच मिस्त्री करतात तसं. म्हणजे मी सांगितलेली वाट मुळात वाट नव्हतीच, आणि जी काय बोटभर होती तीही गेली.

वास्तुशांत झाली, मी जेवून आलो. नंतर काही महिने गेलो नाही. पौषात गेलो तेव्हा मामी घरात नव्हती. ती मागच्या दाराला चार बांबूंवर गवत टाकून केलेल्या छपरीत चूल मांडून बसली होती. आत माझ्या नव्या कोऱ्या स्वयंपाकघरात आधी मांडलेल्या चुलीच्या जागेवर काळा पट्टा थेट पत्र्यापर्यंत चढलेला, आणि पत्रा काजळीने तेलकट.

"भायेर कशाला बसलीस?" मी विचारलं. उत्तर माहीत असताना.

"भायेर बरं वाटतं. वारा लागतो."

"वारा कसला," मामा आतून म्हणाला, "आत चूल पेटवली का माणूस आंधळा. परवा मी मांजराला पाट समजून बसाय गेलो."

मामी हसली, पण डोळे पुसत हसली. ते डोळे लाल होते. मग म्हणाली, "भाच्यानं वाट ठेवली होती. त्या मिस्त्रीनं नळ्या लिंपल्यान. कोण सांगाय गेला होता त्याला?"

त्याच दुपारी मिस्त्री खांद्यावर दोरीचं भेंडोळं टाकून वाटेवरून चालला होता. मामी छपरीतून ओरडली, "काय मिस्त्री, आज कुणाचं नाक-तोंड लिंपून आलास?"

तो थांबला. "वैनी, चित्रात व्हतं तसं बांदलं मी."

"चित्राला नावं ठेवू नको हां! चित्र माझ्या भाच्याचं हाय."

मिस्त्रीने पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो तोंडाला लावला आणि तो रिकामा होता तरी बराच वेळ लावून ठेवला. मिस्त्री "बरं वैनी" म्हणून निघून गेला.

मामी भांडकुदळ नव्हती. पण तिच्या शब्दाला वाडीत वजन होतं. पुढच्या वर्षी वाडीत दोन घरं उभी राहिली आणि दोन्हींना दुसरा मिस्त्री आला. "त्याला चित्र वाचता येत नाय" असं झालं होतं. चित्र त्याच्याइतकं नीट कुणीच वाचलं नव्हतं.

इकडे माझं नाव होत होतं. तिकोनाची फट हा त्या सॉफ्टवेअरचा सगळ्यांनाच छळणारा रोग होता. माणगावहून, खेडहून माझ्यासारखेच ड्राफ्ट्समन सीडी घेऊन यायचे. "तुम्हीच ना ते गेबलवाले?" मी त्यांना वरून बघायला सांगायचो, कोपरा मोठा करायला सांगायचो, छपराची कड ओढून दाखवायचो. तिकोन भरला की त्यांचा चेहरा उजळायचा. त्यातल्या एकालाही मी विचारलं नाही, या घरात चूल कुठे आहे म्हणून. आणि मामाकडे जायचं मी टाळत होतो. काम आहे, एस.टी. चुकली, अंगात कणकण आहे. दोन वर्षं.

गौरीच्या सणाला मात्र टाळता येईना. मामीचा निरोपच आला, की या खेपेला आला नाहीस तर मी महाडला येऊन तुझ्या साहेबासमोर तुला ओढत आणीन. मी पोलादपूरला उतरलो आणि चढून गेलो. पाऊस घाटातून तिरपा येत होता. घरात पाहुणे, मामा पत्ते कुटत बसलेला. मामी मागच्या छपरीत. गवताची छपरी एका अंगाने गळत होती म्हणून तिने लावणीला बायका घेतात ते पानांचं इरलं पाठीवर घेतलं होतं, आणि ते घेऊन, चुलीवर ओणवी होऊन, ती सणाचा स्वयंपाक करत होती. पाठीमागे पाऊस इरल्यावर वाजत होता. नवं घर तिच्या समोर दहा पावलांवर.

मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो.

"भिजशील. आत जा."

"मामी, मिस्त्रीने काही केलं नाही. मी केलं."

"काय केलंस?"

"तिकोन. तुला वाट ठेवतो म्हणालो होतो, ती मीच बुजवली. चित्रातच बुजवली. विसरलो."

तिने लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "इसरणारा तू नायस. शाळेत असताना माझ्या एकेका बांगडीचा रंग तुला आठवायचा. खरं सांग."

मग मी खरं सांगितलं. मुळात ती फट ही माझी चूक होती आणि तिला ती वाट वाटली, ते, मी हो म्हणालो, ते, बारा दिवस, आणि जाळी घालून बघितली आणि चित्र बिघडतंय म्हणून पुसली, तेसुद्धा. संगणकाचं तिला किती कळलं कुणास ठाऊक. जाळी पुसली ते बरोबर कळलं.

"म्हंजे ठेवली होतीस, आन मग काढलीस?"

"हो."

"चित्र चांगलं दिसावं म्हणून?"

"हो."

"आन मी त्या मिस्त्रीला दोन वर्सं शिव्या घालत्ये." ती एकदम माझ्याकडे वळली, इरलं छपरीच्या बांबूला धडकलं आणि चुलीत पाण्याचे थेंब चुर्र करत पडले. "तू हितं बसून ऐकत होतास रे! चाय पीत!"

मी मान खाली घातली. मला वाटलं ती आता रडेल किंवा मला हाकलेल. तिने घावनाचा पहिला तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला, तोही इतका गरम की तो मी या हातातून त्या हातात झेलत राहिलो.

"भाजला का हात? भाजू दे. आदी त्याच्याकडं जायाचं. मग माझ्याशी बोलायचं."

पुढच्याच रविवारी मी खालच्या गावात मिस्त्रीकडे गेलो. तो अंगणात टोपल्याला गाठ मारत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने गाठ पुरी केली, ओढून बघितली आणि म्हणाला, "म्हंजे तुमाला ठाव होतं मी इचारलं तवा."

"हो."

"मला वाटलं, तुमाला धूर म्हंजे काय त्येच ठाव नसंल. शिकल्याला माणूस. म्हणून मी बोललो नाय." मग म्हणाला, "ठाव नव्हतं असं समजून मी तुमाला माफ करून टाकल्यालं. आता पयल्यापासनं सुरुवात करावी लागंल."

मी कसनुसा हसलो. तो हसला नाही. निदान लगेच नाही.

"तिकोन फोडून देशील का?" मी विचारलं.

"देईन की. पण चित्र आणा."

"कसलं चित्र?"

"कंप्युटरचं. चित्राबिगर त्या घराच्या इटंला मी हात लावणार नाय. दादाच म्हणले, कंप्युटरात झालं म्हंजे झालं. मग कंप्युटरात पयलं भोक पाडा, मी मागनं पाडतो." आणि आता तो हसला. मनापासून.

मी महाडला जाऊन चित्र काढलं. साहेब मागे येऊन उभे राहिले. "भरलेला तिकोन फोडतोयस? तुझा तर हातखंडा तो."

"चुलीचा धूर जायला, सर. आधीच ठेवायला हवा होता. मामीने सांगितलं होतं."

एवढंच बोललो. सगळं नाही सांगितलं. म्हटलं ना, महाडात कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांनी चष्मा खाली घेतला, बघितलं आणि म्हणाले, "मग वर जरा पत्र्याचं पाखरू दे, झडीचं पाणी नको आत." पाखरू म्हणजे जाळीवर पुढे काढलेला छोटा उतरता छज्जा. ते मला सुचलं नव्हतं. ते काढलं. यावेळी पडद्यावर जाळीच दिसली.

दसरा झाल्यावर, पाऊस उघडल्यावर, मिस्त्री आला. माझा कागद त्याने विटेखाली दाबून ठेवला आणि दर चार घावांनी उगाचच खाली उतरून तो बघायचा. "चित्रात अजून एक ईट हाय, दादा. काडू?" मामाला कळत होतं, तो म्हणायचा, "नीट बग रे बाबा, भाचा हाय समोर." मी खाली विटांचे तुकडे गोळा करत होतो. मामी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि चित्राबित्राला न जुमानता सांगत होती, "आजून जरा वर. धूर खाली बगत नाय." शेवटी चित्रापेक्षा भोक वीतभर मोठं झालं, आणि तेच बरोबर होतं.

संध्याकाळच्या आधी तिने चूल आत पेटवली. मुद्दाम ओलं लाकूड घातलं, परीक्षा म्हणून. धूर वर गेला, पत्र्याखाली जरा घुटमळला आणि जाळीकडे सरकला. मामा बाहेर जाऊन ओरडला, "आला गो! भायेर आला!" जसा काही पाहुणा.

मामीने मिस्त्रीला चुलीजवळ, जिथे मला बसवायची तिथे पाटावर बसवलं. मला समोर. भाकरी, सुकटीची चटणी, चहा. तेवढ्यात तिने शेजारच्या दोघी बायकांना हाक मारून बोलावून घेतलं आणि जाळीकडे बोट करून सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. मिस्त्रीची काही चूक नव्हती, आपण उगाच बोललो, भाच्यानेच चित्रात वाट ठेवली आणि चित्र चांगलं दिसावं म्हणून काढून टाकली, आणि मग हा बघा, हा गप बसला. काही गाळलं नाही. चहाचा रिकामा कपसुद्धा नाही, जो तिने बघितला असेल असं मला वाटलंच नव्हतं. बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मिस्त्री भाकरीवर लक्ष ठेवून खात होता, पण कान तिकडे होते, आणि त्याचे खांदे सैल झालेले मला दिसत होते.

मध्येच मामी थांबली आणि माझ्याकडे वळली. "बरोबर सांगत्ये ना रे?"

"बरोबर," मी म्हणालो, आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.